फेरी उजवी घालून

जळगावहून निघायचे, अजिंठ्याच्या घाटाने वर चढायचे, सिल्लोड-पिशोर करत कन्नड गाठायचे, औट्रम घाटाने चाळीसगावला उतरायचे आणि भडगाव-पाचोऱ्यावरून परत जळगाव. सामान लादलेल्या सायकलवरून करायची ही फेरी तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर भरते. वाटेत दोन घाट, दोन ठिकाणची लेणी, एक अभयारण्य, एक जुने विद्यापीठ म्हणावे असे ठिकाण आणि तटबंदीचे एक गाव लागते. अशी फेरी आखायला बसलेला माणूस सहसा पहिला हिशेब करतो तो किलोमीटरचा. तीनशे भागिले तीन दिवस, रोज शंभर, झाली आखणी. फेरी कोणत्या बाजूने फिरायची हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही, कारण नकाशावरचे वर्तुळ दोन्हीकडून सारखेच दिसते. सायकलवर ते सारखे नसते. माझे म्हणणे असे की ही फेरी उजवी घालूनच करावी, म्हणजे आधी अजिंठा, मग कन्नड, शेवटी चाळीसगाव. आणि मुक्काम किलोमीटर वाटून न पाडता घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी पाडावेत. या म्हणण्याला जमिनीची घडण, वारा, वाहतूक आणि रेल्वे अशा चार बाजूंनी आधार मिळतो. त्यातला पहिला आधार सर्वांत जुना आहे.

तापीचे खोरे आणि गोदावरीचे खोरे यांच्यामधली भिंत म्हणजे सातमाळा-अजिंठ्याची रांग. ही भिंत एकाच बाजूने भिंत आहे. उत्तरेकडे, खानदेशाच्या अंगाला, ती एकदम तुटते. दक्षिणेकडे मराठवाड्याच्या अंगाला हलका उतार घेत गोदावरीकडे निघून जाते. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या थोडे वर, चाळीसगाव साडेतीनशेच्या जवळपास, तर कन्नड सहाशे मीटरच्या पुढे. याचा अर्थ असा की खानदेशातून निघालेल्याला सगळा मोठा चढ एका दमात, काही किलोमीटरांतच चढावा लागतो आणि वर पोचल्यावर त्याच्या बदल्यात लगेच उतार मिळत नाही. कोकणातून देशावर चढणाऱ्याचे जसे होते तसेच, फक्त उंची कमी. वर आल्यावर शंभरेक किलोमीटर पठार तुडवायचे आणि दुसऱ्या घाटाने पुन्हा खाली यायचे. फेरीत खरे घाट दोनच, एक चढायचा आणि एक उतरायचा. कोणता चढायचा आणि कोणता उतरायचा, यावर बाकीचे बरेच काही ठरते.

ही अडचण सायकलस्वाराने शोधून काढलेली नाही. दोन हजार वर्षे माणसे आणि बैल हेच कोडे सोडवत आले आहेत, आणि त्यांची उत्तरे अजून जागेवर आहेत. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. तिथल्या दानलेखांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, एका गंधिकाचे नाव येते. पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी इतक्या आडबाजूच्या दरीत दान देतो, कारण त्या काळी ती दरी आडबाजूला नव्हतीच. पठारावरून खाली उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी ती होती. अजिंठ्याच्या लेण्यांचेही तसेच, तीही घाटाच्या कुशीत आहेत. पितळखोऱ्याच्या पायथ्याशी पाटण आहे, आजचे पाटणादेवी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ उभारला आणि शके ११२८च्या, म्हणजे इ.स. १२०६च्या सुमाराच्या, शिलालेखात त्या मठाला मिळालेल्या देणग्यांची नोंद आहे. तिचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात पाटणच्या बाजारात होणाऱ्या खरेदी-विक्रीवरचे हक्क मठाला तोडून दिले आहेत. लेखाची चर्चा बहुतेक वेळा गणितासाठी किंवा मराठी भाषेसाठी होते; प्रवासाच्या दृष्टीने त्यातली मोलाची गोष्ट ही की घाटाच्या पायथ्याशी कर गोळा करण्याइतका बाजार भरत होता. बाजार तिथेच भरतो जिथे माणूस थांबतो, आणि माणूस चढाच्या आधी थांबतो.

अजिंठ्याच्या बाजूलाही हेच. घाटाखाली फर्दापूरला मोगल काळातली सराई, घाटमाथ्यावर अजिंठा गावाला पहिल्या निजामाच्या काळचा, १७२७ सालचा तट. खाली एक मुक्काम, वर एक मुक्काम, मधे घाट. १८०३ साली दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या त्या याच घाटाने वर येऊन, आणि महिनाभरात, २३ सप्टेंबरला, भोकरदनजवळ असईची लढाई झाली. लेण्यांच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ पासून वर्षानुवर्षे इथे राहिलेला मेजर रॉबर्ट गिल घाटमाथ्यावरच्या अजिंठा गावात, बारादरीत राहत असे आणि कामासाठी खाली उतरत असे. १८७९ साली तो वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो कन्नड तालुक्यातल्या अंतूर किल्ल्याजवळचा निजामशाही काळातला दगडी खांब. चौकोनी, उभा, आणि त्याच्या बाजूंवर फार्सीत कोरलेले, कोणती वाट कुठे जाते ते. आज आपण हिरव्या पाटीवर जे वाचतो तेच चारशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून रानात उभे केले होते, कारण माथ्यावर आलेल्याला पुढचा घाट कोणता धरायचा हे कळणे भागच होते. लमाणांचे तांडे लादणीच्या बैलांवरून धान्य-मीठ वाहत याच घाटांतून गेले. लादलेला बैल आणि लादलेली सायकल यांच्या गरजा फारशा वेगळ्या नाहीत. चढाआधी पाणी आणि विसावा, चढ पहाटेच्या गारव्यात, माथ्यावर पुन्हा पाणी. जुन्या गावांच्या जागा या गरजांनी ठरवल्या. इतिहास इथे शोभेला नाही. तो आखणीचा तयार तक्ता आहे.

आता यावर गणिताने उत्तर देणारा वाचक म्हणेल, घाटाचे एवढे अवडंबर कशाला? हिशेब करून पाहू. सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरू. सराव असलेला साधा माणूस तासन्तास १०० वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो. ९५ किलो वजन १०० मीटर वर न्यायला सुमारे ९३ हजार ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे १०० वॅटने पंधरा मिनिटे. तेवढ्याच ताकदीने सपाटीवर, वारा नसताना, सायकल ताशी वीस किलोमीटरने चालते. पंधरा मिनिटांत पाच किलोमीटर. म्हणून ढोबळ नियम असा की प्रत्येक शंभर मीटर चढ म्हणजे पाच किलोमीटर जादा रस्ता. औट्रम घाटाचा तीनशे मीटरच्या आसपासचा चढ या हिशेबाने पंधरा किलोमीटरचा आणि अजिंठ्याचा त्याहून कमी. तीनशे किलोमीटरच्या फेरीत पंधरा किलोमीटर म्हणजे काय मोठेसे? हिशेब बरोबर आहे, पण तो ऊर्जेचा आहे. घाट अडवतो तो वेगळ्या कारणाने. सपाटीवर थकलेला माणूस हळू जातो. चढावर एका मर्यादेखाली हळू जाताच येत नाही, कारण ताशी पाच-सहा किलोमीटरच्या खाली सायकलचा तोल राहत नाही. तिथे प्रश्न एकूण ऊर्जेचा राहत नाही, त्या क्षणी लागणाऱ्या ताकदीचा होतो.

आणि ताकद गिअरने ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागातल्या रस्त्याचा नेहमीचा चढ ५ टक्के धरलेला असतो, तीव्र डोंगरात ६. महामार्गाचा घाट म्हणून सहसा या हद्दीत राहतो, वळणांवर तेवढा चुकतो. पुढचे चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे २८ दात्यांचे अशी शर्यतीच्या ढंगाची सायकल असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात ती अडीच मीटरच्या वर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी नऊ किलोमीटर. ५ टक्क्यांच्या चढावर त्याला १४० वॅटच्या घरात ताकद लागते, ८ टक्क्यांच्या वळणावर २०० च्या पुढे. २०० वॅट फार कमी लोकांना टिकवता येतात, तेही भरल्या पिशव्यांसह. पुढे २८ आणि मागे ३४ दाते असतील तर तेच ८ टक्के १४५ वॅटमध्ये निभावतात, ताशी साडेसहा किलोमीटरने का होईना. दुकानदार सायकलचे वजन सांगतो, फ्रेमचा धातू सांगतो; विचारावे ते मागच्या मोठ्या चक्राचे दाते. दोन किलो हलक्या सायकलसाठी मोजलेले पैसे अडीचशे मीटरच्या घाटात एक मिनिटसुद्धा वाचवत नाहीत.

ज्यांना फेरी जास्त कठीण हवी आहे त्यांच्यासाठी अजिंठा घाटाला पर्याय आहे. पहूरहून शेंदुर्णी, तिथून सोयगाव आणि मग वेताळवाडीवरून हळद्याचा घाट चढून उंडणगावला निघायचे. वाट अरुंद, वर्दळ तुरळक आणि वेताळवाडीचा किल्ला घाटातूनच समोर दिसतो. ग्रामीण घाटरस्ते ५ टक्क्यांचे मानक पाळतीलच असे नाही, तेव्हा वरचा गिअरचा हिशेब तिथे आणखी लागू पडतो. शेंदुर्णीचे त्रिविक्रमाचे मंदिर वाटेवरच आहे. ना. धों. महानोरांचे पळसखेडही याच सोयगाव तालुक्यातले, डोंगराच्या पायथ्याचे.

घाटापेक्षा मोठा शत्रू मात्र वारा आहे, आणि आखणी करणारे त्याला सर्वांत कमी भाव देतात. वर धरलेल्या त्याच माणसाला समोरून ताशी पंधरा किलोमीटरचा वारा लागला, तर १०० वॅटमध्ये त्याचा वेग विसावरून तेरापर्यंत खाली येतो. साठ किलोमीटरला तीन तासांऐवजी पावणेपाच. म्हणजे एका दुपारचा समोरचा वारा दोन्ही घाटांच्या जादा चढाहून जास्त वेळ खातो. तोच वारा पाठीशी असेल तर वेग ताशी अठ्ठावीस-एकोणतीसवर जातो. या भागात पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा आणि जोरकस. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचे रान उभे राहिले ते त्याच्याच भरवशावर. हिवाळ्यात तो उलटतो, ईशान्येकडून-पूर्वेकडून वाहतो आणि बराच मंद असतो. फेरीचा सर्वांत उघडा भाग म्हणजे अजिंठा ते कन्नड हे पठार. झाडी विरळ, रस्ता उंचावर, आडोसा नाही. उजवी फेरी घातली की हा भाग पूर्वेकडून पश्चिमेकडे होतो, म्हणजे हिवाळ्यात वारा पाठीशी. पठार सपाट असेल ही कल्पनाही सोडावी. प्रत्येक नाल्यापाशी रस्ता उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि या लहान चढांची बेरीज दिवसअखेर घाटाच्या बरोबरीला येऊ शकते. तेव्हा पाठीवरचा वारा इथेच खर्च करावा. याची किंमत शेवटच्या टप्प्यात मोजावी लागते, कारण चाळीसगावहून जळगाव म्हणजे ईशान्येकडे तोंड. पण हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो. उजाडताच निघाले तर दहा-अकरापर्यंत निम्म्याहून अधिक अंतर मागे पडते.

वाहतुकीचा मुद्दाही त्याच बाजूला झुकतो. औट्रम घाट, ज्याला कन्नडचा घाटही म्हणतात, हा दोहोंतला मोठा आणि बिकट. नाव पडले ते जेम्स औट्रमवरून. १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा तो अधिकारी. आठ-दहा किलोमीटरचा हा घाट राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे आणि तासन्तास कोंडी होण्यासाठी कुप्रसिद्ध होता. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस अतिवृष्टीत इथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना या घाटातून बंदी झाली. सायकलस्वारासाठी ही मोठी सोय आहे, पण अशा बंदीचे स्वरूप बदलत राहते. निघण्याआधी चाळीसगावात किंवा कन्नडला चौकशी करणे बरे. बंदी असो-नसो, हिशेब सोपा आहे. घाट चढायला सामानासह तास-सव्वातास लागतो आणि त्या सगळ्या वेळात मागून येणारे प्रत्येक वाहन तुम्हाला ओलांडत असते. तोच घाट उतरायला वीस मिनिटे पुरतात आणि उतरताना तुमचा वेग गाड्यांच्या वेगाच्या जवळ असतो. जिथे धोका जास्त तिथे वेळ कमी काढावा. म्हणून अजिंठा चढायचा, औट्रम उतरायचा.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. सायकलवर गंभीर अपघात चढताना होत नाहीत, उतरताना होतात. मान्य. तीनशे मीटर उतरताना ९५ किलोंची सुमारे २ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. जवळजवळ लिटरभर पाणी उकळायला तेवढी पुरते. वेग वाढू दिला तर तिच्यातली बरीचशी हवा खाते. भीतीने पूर्ण घाट ब्रेक दाबून धरला तर सगळी ब्रेकमध्ये जाते. रिम ब्रेक असतील तर रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते, आणि पुढची ट्यूब वळणावर फुटणे म्हणजे काय ते सांगायला नको. उपाय जुनाच आहे. वळणाच्या आधी सरळ भागात ब्रेक जोरात दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा, वळण घ्यायचे. दोन्ही ब्रेक आळीपाळीने थंड होऊ द्यायचे. मधे एक-दोनदा थांबून रिमजवळ हात नेऊन पाहायचे, चटका बसण्याइतकी तापली असेल तर पाच मिनिटे दरी बघायची. निघण्याआधी ब्रेकचे गुटके नवे घालायचे. यातले प्रत्येक काम सायकलस्वाराच्या हातात आहे. चढताना मागून येणारा ट्रक त्याच्या हातात नाही. दोन धोक्यांतला आपल्या ताब्यातला धोका पत्करावा, हे मला योग्य वाटते.

चौथा मुद्दा रेल्वेचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने १८६० च्या दशकात मनमाडहून भुसावळकडे लोहमार्ग नेला, तो या भिंतीला वळसा घालून, नांदगाव-चाळीसगावच्या सौम्य उतारावरून. परिणाम असा की आपल्या फेरीची खालची बाजू, चाळीसगाव-पाचोरा-जळगाव, रेल्वेला चिकटून जाते आणि वरच्या बाजूला, अजिंठा-सिल्लोड-कन्नड, रेल्वेच नाही. शरीर आणि सायकल दोन्ही मोडायला लागतात ते शेवटच्या दिवसांत. गुडघा धरला, स्पोक तुटून चाक वाकले, तर ते स्टेशनच्या जवळ व्हावे. सायकल लगेजमध्ये नोंदवून माणूस घरी येऊ शकतो. उलटी फेरी घातली तर ताज्या दमाचे दिवस रेल्वेच्या काठाने वाया जातात आणि थकलेले दिवस जिथे मदत सर्वांत दूर तिथे येतात.

आता मुक्काम. पहिल्या दिवशी नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूर. अंतर साठच्या आत आणि शंभर-शंभरच्या हिशेबाला ते आळशी वाटेल, पण घाटाच्या पायथ्याशी थांबण्याचा हा मान सराई बांधणाऱ्यांनीच ठरवून दिला आहे. एमटीडीसीचे निवासही तिथेच आहे. शिवाय दुपार लेण्यांसाठी मोकळी राहते. लेण्यांच्या फाट्यापासून पुढे खासगी वाहने जात नाहीत, बसने जावे लागते, तेव्हा सायकल कुठे ठेवायची याची सोय आधी लावावी. दुसऱ्या दिवशी उजाडताच घाट, अजिंठा गावात चहा, मग गोळेगाव, सिल्लोड, भराडी, पिशोर आणि कन्नड. शंभराच्या आसपासचा हा दिवस फेरीतला सर्वांत कठीण. डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तासांचा असतो आणि पश्चिमेकडे जाताना दुपारनंतर सूर्य समोर येतो. त्याचा त्रास आपल्यापेक्षा मागून येणाऱ्या चालकाला होतो, त्याला आपण दिसत नाही. चारच्या आत कन्नडला पोचावे. उजव्या फेरीचा हा एक तोटा आहे आणि तो मान्य करून वेळ राखावी. तिसरा दिवस मुद्दाम लहान ठेवायचा. औट्रम उतरून पाटणादेवी बघायची आणि चाळीसगावला मुक्काम करायचा. हा सगळा परिसर १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा आहे, २६० चौरस किलोमीटरचा. इथे अंधारात सायकल चालवू नये. चौथा दिवस भडगाव-पाचोऱ्यावरून घर.

चार दिवस कशाला, असे ब्रेव्हेवाले, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला गाठणारे सायकलस्वार, विचारतील. तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला वीस तासांची मुदत असते आणि जळगाव-नाशिकमधले अनेकजण ती पाळतात. पाळोत. तो वेळेशी केलेला करार आहे, त्यात पितळखोऱ्याच्या पायऱ्या बसत नाहीत. दुसरा आक्षेप खानदेशच्या उन्हाचा, आणि तो पूर्ण खरा आहे. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा ही फेरी करणे वेडेपणाच. पावसाळ्यात दरडी आणि पश्चिमेचा वारा, शिवाय काळी माती. रस्त्याकडेला सायकल एकदा उतरवली की ती माती मडगार्ड आणि टायर यांच्या फटीत अशी ठासते की चाकच फिरत नाही; काडी घेऊन खरवडत बसावे लागते. राहतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. तेव्हाही कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या रस्त्याची दीड बाजू अडवतात, आणि बाभळीचे काटे आहेतच. बाभळीचा काटा टायरमध्ये सरळ घुसतो आणि आत मोडतो. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून मोडलेले टोक शोधले नाही तर नवी ट्यूब दहा मिनिटांत बसते. दोन ट्यूब, चिमटा आणि तीन लिटर पाण्याची सोय जवळ हवी. खाण्याची चिंता या मुलखात नाही. केळी हाताशी आहेत आणि संध्याकाळी शेवभाजी-भाकरी किंवा हिवाळ्याचे भरीत मिळते.

राहिला तो शेवटचा प्रश्न, आव्हानच हवे तर सह्याद्री किंवा तोरणमाळ का नको? महाबळेश्वर-पाचगणीचे घाट उंच आहेत, रस्ते चांगले आहेत आणि शनिवार-रविवारी मोटारींनी भरलेले आहेत. तोरणमाळ सातपुड्यात, साडेअकराशे मीटरवर. शहाद्याहून निघाले तर हजार मीटरच्या आसपास चढ, आपल्या नियमाने पन्नास किलोमीटर जादा आणि अडीच तास. घाट म्हणून तो या दोन्ही घाटांहून कितीतरी कठीण आहे, आणि ज्याला केवळ चढ हवा त्याने तिकडेच जावे. पण तोरणमाळ हा एक चढ आहे. अजिंठा-कन्नड ही दोन खोऱ्यांमधली भिंत ओलांडून परत येणारी फेरी आहे, आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर आधीच कोणीतरी थांबून, बाजार भरवून, सराई बांधून ठेवली आहे.

निघण्याचा वार तेवढा बघून घ्या. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. जळगाव सोमवारी सोडू नका.